भोंग्याच्या रिक्षातून उतरलेला केरूदादा

रत्नागिरीत केरूदादाचा आवाज सगळ्यांना माहीत आहे. केरूदादा फारसा कुणाला माहीत नव्हता.

वीस वर्षं तो रिक्षातून जाहिराती पुकारत होता. टपावर दोन भोंगे. पुढे त्याचा मेहुणा बाबू रिक्षा चालवायचा. मागे केरूदादा माइक घेऊन बसायचा, दोन्ही बाजूंचे पडदे ओढून. उद्या पाणी येणार नाही. साड्यांचा सेल लागला. अमक्या मंडळाचं नाटक आहे. लोकांना आवाज यायचा, माणूस दिसायचा नाही.

मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि छापखान्यात नोकरीला लागले. तिथे त्याचे मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मजकूर त्याने परत आणून दिला.

"वाक्य लांब झालं गो, ओवी. रिक्षा पुढे जाते. रस्त्यावरच्या माणसाला मधलाच तुकडा मिळतो. प्रत्येक वाक्य एकेकटं उभं राहिलं पाहिजे."

कॉलेजात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथून आमची मैत्री झाली.

पुढे काम आटलं. पाण्याच्या सूचना मोबाइलवर येऊ लागल्या, सेलच्या जाहिरातीही. अशात मिरजोळ्यातल्या एका सोलर कंपनीला गावोगाव फिरून माहिती सांगणारा माणूस हवा होता. पगारी नोकरी. कंपनीच्या उन्मेषसाहेबांनी केरूदादाचा आवाज रस्त्यावर ऐकला होता. त्यांनी निरोप पाठवला. अट एकच, पन्नास लोकांसमोर दहा मिनिटं बोलून दाखवायचं.

"वीस वर्षं बोलतोयस. दहा मिनिटांचं काय घेऊन बसलास?" मी म्हटलं.

"वीस वर्षांत कुणाच्या तोंडाकडे बघितलेलं नाय," तो म्हणाला.

मला ती थट्टा वाटली. त्याच्या वाडीतल्या बचतगटाच्या बैठकीत आम्ही तालीम ठेवली. बारा बायका, त्यात त्याची बायको हेमावहिनी. तो उभा राहिला. नमस्कार म्हणाला. पुढे काहीच आलं नाही.

"काय ओ भावोजी, पेट्रोल संपलं काय?" एकीने विचारलं. सगळ्या हसल्या.

तो बाहेर निघून गेला. मी मागोमाग गेले. पायरीवर बसला होता. हात गार पडले होते.

"एकीने जांभई दिली गो. तिथेच मी संपलो."

मी त्याला बरेच सल्ले दिले. लोकांच्या डोक्यावरून बघ. आरशासमोर बोल. त्याने सगळं केलं. आरशासमोरही अडखळला.

इलाज हेमावहिनीने केला. एके दिवशी सकाळी तिने रिक्षाचे पडदे काढले आणि बादलीत भिजत घातले.

"धुवायला झाले होते," एवढंच म्हणाली.

भर एप्रिलात ते पडदे पंधरा दिवस वाळले नाहीत.

पहिल्या दिवशी केरूदादाने तोंडासमोर वर्तमानपत्र धरून पुकारलं. तिसऱ्या दिवशी साळवी स्टॉपला एका म्हाताऱ्याने हात करून रिक्षा थांबवली.

"पाणी परवा येणार ते सकाळी काय संध्याकाळी?"

"सकाळी," केरूदादा म्हणाला.

"किती वाजता? नीट सांग की मेल्या. नुसता ओरडत जातोस."

आणखी दोघं जमली. बाबूने इंजिन बंद केलं. केरूदादा खाली उतरला आणि माइकशिवाय तिघांना सगळं समजावून सांगितलं. संध्याकाळी तो छापखान्यात आला.

"ओवी, कुणी विचारलं की मला बोलता येतं."

मग रोज तेच. थोडंफार काम उरलं होतं, ते असं केलं. नाका आला की इंजिन बंद. खाली उतरायचं. जे उभे असतील त्यांना सांगायचं. लोक विचारायचे, चिडवायचे, चहाही पाजायचे.

चाचणीच्या दिवशी मी हॉलच्या कोपऱ्यात उभी होते. पन्नास खुर्च्या भरलेल्या. केरूदादा स्टेजवर गेला. नमस्कार म्हणाला आणि थांबला. दुसऱ्या रांगेतल्या एका माणसाने मोठी जांभई दिली. केरूदादाने ती बघितली.

त्याने माइक स्टँडवरून काढला आणि तीन पायऱ्या उतरून खाली आला. सरळ त्या माणसासमोर थांबला.

"झोप झाली नाय काय? लाइट गेली होती?"

"दोनदा," तो माणूस म्हणाला. "डासांनी फोडून काढलं."

हॉल हसला. केरूदादाने त्याला सोलरबद्दल एक वाक्य सांगितलं. पुरं, आखूड वाक्य. मग चार रांगा मागे जाऊन दुसरं. तो जाईल तिकडे एकेक डोकं वळत होतं. शेवटच्या रांगेपाशी त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्यांना मधलाच तुकडा मिळाला असेल म्हणून.

"कौलांवर बसतं काय ओ ते?"

"पावसाळ्यात काय करायचं?"

येत होतं ते त्याने सांगितलं. एकदा म्हणाला, "हे मला माहीत नाय. साहेबांना विचारूया." उन्मेषसाहेबांना खुर्चीवरून उठून उत्तर द्यावं लागलं.

कॉलेजात मला वक्तृत्वाची दोन बक्षिसं मिळाली होती. मी नुसती बघत राहिले. घड्याळ बघितलं तेव्हा पंचवीस मिनिटं होऊन गेली होती.

"केरूभाऊ, मुख्य मुद्दा तुम्ही तीन वेळा सांगितलात," साहेब म्हणाले.

"गाव लांब असतं, साहेब."

साहेब हसले. "सोमवारपासून या."

मी तिथल्याच एका रिकाम्या झालेल्या खुर्चीत बसले. केरूदादा अख्खी बाटली पाणी प्यायला. बाहेर बाबू फाटकापाशी उभा होता. त्याने केरूदादाचं तोंड बघितलं आणि विचारायचं टाळलं.

"मिळाली," केरूदादा म्हणाला.

बाबू मोठ्याने हसला. मग म्हणाला, "आणि मी?"

"गावोगाव काय चालत जाऊ? गाडीवर माणूस लागणार हे साहेबांना आधीच बोललोय."

"कधी बोललास?"

"निरोप आला तेव्हाच."

बाबूने त्याला एक शिवी दिली आणि डोळे पुसले.

या गोष्टीला सहा महिने झाले. नाटे गावात झालं, पूर्णगडला झालं, आता आतल्या वाड्या चालू आहेत. सुरुवातीला अजून हात गार पडतात, असं केरूदादा सांगतो. मग कुणीतरी काहीतरी विचारतं.