साहेबांची कुंडी, बाईंच्या गोळ्या

सावेडीत पोराच्या फ्लॅटवर आल्यापासून समोरचे रिटायर साहेब मला रोज शिकवतात. बोलताना चष्मा कपाळावर ढकलायचा आणि दर वाक्याला "सायंटिफिकली" लावायचं, ही त्यांची खोड. त्यांच्या घरात रुंद पानांचं एक परदेशी झाड. नाव दहादा सांगितलं, मी ध्यानात धरलं न्हाई. त्याच्या मातीत अंड्याच्या टरफलांचा भुगा, रांगोळीसारखा चाळून. का, तर कॅल्शियम.

मी म्हणालो, "साहेब, आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो. चुना काय कमी हाय? त्यानंच पानं पिवळी पडलीत."

"बाबा, ती तुमची शेती. हे इनडोअर आहे."

पानं आणखी पिवळी पडली. परवा साहेब खलबत्त्यात गोळ्या कुटत बसलेले. डॉक्टरनं त्यांच्या बायकोच्या, म्हंजे बाईंच्या, हाडांसाठी दिलेल्या!

"अहो, बाईंच्या गोळ्या?"

"सायंटिफिकली तिला दुधातून मिळतं. झाडाला दूध कोण पाजणार?"

बाई आतून म्हणाल्या, "कुटू द्या हो. माझ्या गुडघ्यांना थोडीच पानं फुटणारेत!"

काल झाडाला ऊन दाखवायला साहेब जिना उतरत होते, कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून. मागं बाई कठडा धरून एकेक पायरी तिरक्या उतरत होत्या. साहेब वळून म्हणाले,

"जपून गं, पानाला धक्का लागेल."