डंकाच्या जाळीला झेंडूची माळ

खंडेनवमीला आमच्या गल्लीतल्या मसाला कांडपात पूजा होती. मालकीण सुनंदावहिनींनी हळद-कुंकवाचं ताट तिथं कामाला असलेल्या शोभाताईंच्या हाती दिलं. मागच्या उन्हाळ्यात मिरची सारताना तिथल्या डंकाखाली, मिरची कुटणाऱ्या यंत्राच्या मुसळाखाली, शोभाताईंची बोटं चेचली होती. त्या घरी होत्या तोवर वहिनींनी त्यांच्या जागी दुसरी बाई घेतली नाही. डंकाभोवती लोखंडी जाळी बसवली, मिरची सारायला लांब दांड्याचं लाकडी फावडं करून घेतलं, आणि शोभाताई परतल्यावर त्यांना आधी चाळणीवर, मग हळूहळू डंकावर बसवलं.

शोभाताईंनी वाकड्या राहिलेल्या बोटानं पहिलं कुंकू जाळीला लावलं.

"अहो, मान डंकाचा," मी म्हटलं.

"डंक पोट भरतो हो, पण हात हिनं राखलेत," त्या म्हणाल्या आणि झेंडूची माळही जाळीलाच बाहेरून घट्ट बांधली.

मोठ्या कारखान्यांच्या दारावर सुरक्षिततेच्या पाट्या असतात. या दहा बाय बाराच्या खोलीत पाटी लावायलाही भिंत मोकळी नाही. तरी 'ही आमची गल्ली' असं कुणाला तरी सांगावंसं मला वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरची घेऊन गेले. डंक धडाधड पडत होता. जाळीवरची माळ थरथरत होती, आणि शोभाताईंचे दोन्ही हात तिच्या अलीकडे होते.