पोडापलीकडचं पाणी

आमची कौसल्याताई चोवीस वर्षं एका धबधब्याच्या अर्ध्या कोसावरून ये-जा करत होती, आणि तो तिने कधी पाहिला नव्हता. हे मला ती रिटायर झाल्यावर कळलं, आणि कळलं तेव्हा मी तिला सरळ मूर्खात काढलं.

ताई नर्सबाई. पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला कोलाम आदिवासींचे पोड आहेत, पंधरा-वीस घरांच्या वस्त्या. महिन्यातून एकदा खांद्याला लशीची पेटी अडकवून ती तिकडे पायी जायची. पेटीत बर्फ, बर्फात लस. बर्फ विरघळायच्या आत पोरं टोचून व्हायला पाहिजेत आणि उरलेल्या बाटल्या परत पोचायला पाहिजेत. शेवटच्या पोडावर गेलं की मागच्या झाडीतून पाण्याचा आवाज यायचा, पावसाळ्यापासून पार थंडीपर्यंत.

"मंग वळली काहून नाही एखाद खेपेस?"

"पेटी होती न खांद्यावर," ती म्हणाली. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

यंदा तिचा उजवा गुडघा पार गेला. डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशन ठरवलं आणि बजावलं, नंतर सपाटीवर खुशाल चाला, खडकांचं नाव काढू नका. दवाखान्याच्या पायऱ्या कशाबशा उतरल्यावर ताई म्हणाली, "धम्मा, मले तो धबधबा पाहाचा हाय. ऑपरेशनच्या आधी. नाही त राहूनच जाईन. अन् तू येशीन संगं."

मी धम्मरत्न, तिचा धाकटा भाऊ. स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि मशीनपासून पाण्याच्या माठापर्यंत हेच माझं रोजचं चालणं. पण ताईला नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नाही.

मग सुरू झाली तयारी. सहलीची कसली, पोलिओच्या मोहिमेची! माझ्या बिघडलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर तिने रकाने आखले: ठिकाण, अंतर, पाणी कुठे, भेटायचं कोणाला, किती मिनिटं. शेवटच्या पोडावरच्या धनीबाईला फोन लावला. तिच्या मोबाईलला रेंज येते ती सरपणाला टेकाडावर चढल्यावरच, म्हणून ती सापडायलाच तीन दिवस गेले. पाणी किती आहे, उतारावर धरायला झाडं आहेत का, वाघ कुठे आहे, सगळं विचारून झालं.

"वाघ कापसाच्या वावरात उतरला हाय," धनीबाई पलीकडून म्हणाली. "जंगलात कायले बसते तो?"

रोज सकाळी ताई गुडघ्याला पट्टा बांधून, पिशवीत दोन किलो तूरडाळ घेऊन पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढायची. मी चहा पीत बघायचो. कागद तिसऱ्यांदा उतरवून झाला तेव्हा मी तो नीट वाचला. कोणत्या नाल्यात पाय ठेवायला दगड आहे, मोहाचं कोणतं झाड विजेने फाटलंय, सावली कुठे किती वाजता येते, सगळं त्यात होतं. मी इथेच जन्मलो, वाढलो, आणि मला हायवेपलीकडचं काही ठाऊक नाही. लाज वाटली, आणि या बाईचा अचंबाही वाटला. पोडाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: पाच मिनिटं, फक्त धनीबाईला सोबत घ्यायला.

पाच मिनिटं! आम्ही ऑटोने रस्ता संपेपर्यंत गेलो, तिथून दीड तास चाललो, आणि पोडावर पाय ठेवताच बाया धावत आल्या. "बाई आली, बाई आली!" कोणाच्या लेकराचा कान वाहत होता, कोणाच्या अंगावर पुरळ. ताई ओट्यावर बसली ती बसलीच. साडेआठचे साडेनऊ झाले. माझं डोकं तडकलं. मागच्या झाडीतून पाणी सारखं ऐकू येत होतं.

शेवटी एक पोरसवदा आई पुढे आली. बारा दिवसांचं बाळ, रात्रीपासून दूध ओढत नव्हतं. ताईने त्याच्या पोटाला हात लावला आणि तिचा चेहराच बदलला. "अंग गार पडलं हाय. ह्याले आत्ताच दवाखान्यात न्या."

"तुमी चला संगं," ती पोरगी रडायला लागली. "मले तिथं कोनी वळखत नाही."

ताईने एकदा झाडीकडे पाहिलं. एकदाच. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "चाल धम्मा, वापस."

माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे. "तू जाय धनीबाईसंगं. मी नेतो हिले."

ताईने मला क्षणभर निरखलं, मग भराभरा सांगितलं: बाळ आईच्या छातीशीच ठेव, टोपडं काढू नको, वाटेत थांबू नको. मी टेकाडावर चढून अॅम्ब्युलन्सला फोन केला, ताईच्या ओळखीच्या आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेला केला, आणि दीड तासाची वाट त्या पोरीला घेऊन सव्वा तासात उतरलो. गाडी आली. गाडीतून उतरून आशाताईने हात धरून पोरीला आत बसवलं. आता घरी जायचं, असं मनाशी म्हटलं, आणि पाय उलटे फिरले.

पोडावरून एका म्हाताऱ्याने पायवाट दाखवली. आधी आवाज, मग पायाखालची जमीन थरथरायला लागली, मग झाडी संपली. मी तसाच उभा राहिलो. ताई चढायची तसल्या पाण्याच्या टाक्या एकीवर एक तीन ठेवल्या असत्या, तरी वर पाणी उरलं असतं. काळ्या कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं आणि त्याचा तुषार माझ्या तोंडापर्यंत येत होता. छातीतली धडधड माझी की पाण्याची, तेही कळेना. एवढं मोठं काही माझ्या गावाजवळ आहे, आणि माझ्यावाचून रोज असंच चाललेलं असतं!

ताई खडकावर बसली होती, पाय पाण्यात सोडून; धनीबाई मागे सरपण वेचत होती. मला पाहताच तिने विचारलं, "लेकरू?"

"गाडीत बसवलं. टेकाडावर आशाताईचा फोन आला होता, दूध घेतलं म्हने थोडं."

तिने मान हलवली. डोळे भरून वाहत होते. आवाजामुळे तिला माझ्या कानाशी येऊन बोलावं लागलं.

"मी मनाले सांगत आलती, एखादा ओढाच असंन. पाह्यला काय, नाही पाह्यला काय." तिने पुन्हा कड्याकडे पाहिलं. "बरं झालं धम्मा, एवढा मोठा हाय हे मले ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं त एखाद्या दिवशी मी पोरं सोडून इकडं वळली असती."