साबुदाण्याचे दागिने

भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं माल पाठवण्याच्या विभागात होते. कोणता खोका कोणत्या गावाला गेला आणि कुठे अडकला, एवढंच माझं काम. ते सोडते म्हणाले तेव्हा नवरा म्हणाला, "एक संक्रांत बघ. नाही जमलं तर परत जा. वो लोग रख लेंगे." आमच्या घरात सगळे मराठी बोलतात, पण नवऱ्याचा शेवटचा निर्णय नेहमी हिंदीत येतो.

मला काढायचं होतं ते हलव्याच्या दागिन्यांचं दुकान. दुकान म्हणजे शटर वगैरे काही नाही, सगळं फोनमध्ये. दागिने करणार होत्या माझ्या सासूबाई. सासऱ्यांच्या नोकरीबरोबर त्या नागपूरहून भोपाळला आल्या आणि इंद्रपुरीतल्या मराठी घरांमधल्या प्रत्येक नव्या नवरीची पहिली संक्रांत आणि प्रत्येक बाळाचं बोरनहाण त्यांच्या हातच्या हलव्याने झालं. चाळीसेक वर्षं त्यांनी हे विकलं नाही. मग सासऱ्यांच्या बरोबरीचे लोक रिटायर झाले, कुणी पुण्याला गेलं, कुणी नागपूरला. मागच्या चार संक्रांतींना एकही नवरी आमच्याकडे आली नव्हती. हलवा करायची परात माळ्यावर गेली होती.

ती मी खाली काढली, तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली. "बाळ हातात येईल ते तोंडात घालतं. खाता येणार नाही असं काही माझ्या नावावर जायला नको."

मी लगेच हो म्हणाले. साखरेच्या दागिन्यात खाता येणार नाही असं काय असणार, असं मला वाटलं होतं.

ऑनलाइन दुकान उघडणं सोपं असतं. तिथे कुणीतरी यायला हवं, हे नंतर कळतं. पहिले दोन महिने माझ्या दुकानात मी, माझी भाची आणि माझी एक जुनी सहकारी एवढ्याच फिरकलो. भाची नेहरू नगरला राहते, कॉलेजात आहे. तिनेच मला चित्रांच्या शोधाचं ते अ‍ॅप दाखवलं. "मामी, इथे लोक गप्पा मारायला येत नाहीत. शोधायला येतात. लग्न ठरलं की मुली महिनोन्महिने आधीपासून फोटो साठवतात. साडी, मेंदी, सब कुछ. आपण पण फोटो डालूया."

त्या अ‍ॅपवर प्रत्येकाचे फळे, म्हणजे बोर्ड, असतात आणि आवडलेला फोटो आपल्या फळ्यावर टाचून ठेवायचा असतो. फोटो उभा हवा, त्याखाली लोक शोधतील ते शब्द हवेत आणि दुकानाचा दुवा हवा. एकदा टाचलेला फोटो महिनोन्महिने फिरत राहतो म्हणे. एवढं मला एका दुपारी समजलं. पण संक्रांतीचे फोटो संक्रांतीला टाकून उपयोग नाही, ते भाद्रपदातच टाकायला हवेत, हेही त्याच दुपारी समजलं. आणि तो भाद्रपदच चालू होता.

हलवा भाद्रपदात होत नाही. तीळ, खसखस, साबुदाणा, लवंगा, यातलं काहीतरी पितळी परातीत घेऊन, खाली मंद आच ठेवून, चमचा चमचा पाक घालत बोटांनी तासन् तास फिरवायचं. दाण्यावर साखर चढते आणि तिला काटा येतो. पण हवा कोरडी आणि गार हवी. दमट हवेत काटा येत नाही, नुसता चिकट गोळा होतो. सासूबाई म्हणाल्या, "मार्गशीर्षात बघू." डब्यात चार वर्षांपूर्वीचा एक हार होता. बाहेर काढला तर दाणे एकमेकांना चिकटून पिवळट झाले होते. तरी काळ्या साडीवर ठेवून मी त्याचा फोटो काढला.

त्या अ‍ॅपमध्ये अशी सोय आहे की फोटोतल्या एखाद्या वस्तूवर बोट दाबून धरलं की तिच्यासारखं दिसणारं जगभरातलं सगळं समोर येतं. मी हारावर बोट धरलं. अ‍ॅपने मला फ्लॉवरची भाजी दाखवली. मग समुद्रातलं पोवळं, मग पॉपकॉर्न, मग पुन्हा फ्लॉवर. भाची हसून हसून लोळली. मला हसू आलं नाही. दागिना शोधणाऱ्या मुलीला माझा हार दिसणार नव्हता. दिसला असता तर मटार-फ्लॉवर शोधणाऱ्या बाईला.

साबुदाण्याची कल्पना माझीच. एकादशीसाठी आणलेल्या पुड्यातला मोठा दाणा मी निवडून घेतला, शाळेच्या प्रकल्पांना वापरतात त्या पांढऱ्या गोंदाने सोनेरी पुठ्ठ्यावर एकेक चिकटवला आणि वरून नखांना लावायचं बिनरंगाचं पॉलिश दोनदा फिरवलं. नवरीचा तन्मणी, नथ, बांगड्या. बाळाचा मुकुट, बाजूबंद, कडी आणि बासरी. पाच दिवस लागले. सासूबाई तेव्हा नणंदेकडे होत्या. मी फोटो काढले आणि तन्मण्यावर बोट दाबून धरलं. अ‍ॅपने मोती दाखवले. नुसते मोती, एकापेक्षा एक.

फोटो पळाला. नुसता पळाला नाही, गावोगाव गेला. शेकड्यांनी लोकांनी तो आपल्या फळ्यांवर टाचला आणि त्यातल्या बहुतेकांना हलवा म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. एका मुलीने विचारलं, "ये रियल पर्ल है क्या?" मी लिहिलं, नाही, साखर आहे. "शुगर? ओके, बाय." पण मोत्यांच्या गर्दीतून वाट काढत मराठी बायकाही आल्या. कार्तिक संपेपर्यंत दुकानात खऱ्या ऑर्डरी होत्या आणि मंडीदीपची बस मला पुन्हा धरावी लागणार नाही असं मला पहिल्यांदा वाटलं. साबुदाण्याचे सेट मी एका डब्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि सासूबाई पहाटे परातीशी बसू लागल्या. बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती. तासाभराने थांबून त्या हात मांडीवर ठेवायच्या, मग पुन्हा सुरुवात. हलवा मात्र सुरेख झाला, टोचेल असा. प्रत्येक सेट तयार झाला की त्याच्या मागच्या बाजूचा, पुढून कळणार नाही असा, एक दाणा त्या तोडायच्या आणि तोंडात टाकायच्या. नवरीघरी द्यायच्या तेव्हाही हेच करायच्या. चांगलं विरघळलं की म्हणायच्या, "जाऊ दे." मग मी डबा बंद करायची.

संक्रांतीला आठ दिवस राहिले असताना बंगळुरूच्या एका बाईची ऑर्डर अडली. त्यांच्या मुलाचं बोरनहाण होतं. तयार सेटचा फोटो मी नेहमीप्रमाणे त्यांना पाठवला. उत्तर आलं: "ताई, हा जरा ओबडधोबड वाटतोय. तुमच्या त्या फोटोत आहे तस्साच हवा. नसेल तर कॅन्सल करा, आणि मग फोटो तरी काढून टाका, लोकांची फसवणूक होते."

शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण ते खरं होतं. आणि खरं ऐकून माणूस शहाणा होतोच असं नाही. मी चिडले. एक बाई चार ओळी वाईट लिहील आणि एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल, हेच मला दिसत होतं. मी स्टूल घेतलं, वरच्या फळीवरचा डबा काढला, साबुदाण्याचा मुकुट, बाजूबंद, कडी आणि बासरी कापसात ठेवली. मनाशी म्हटलं, पाच मिनिटं घालतील, फोटो काढतील, काढून ठेवतील. कुरिअरवाला चार वाजता येणार होता. सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या.

त्या साडेतीनला उठल्या. चहाचं विचारायला आल्या आणि उघडा डबा बघून सवयीने खुर्ची ओढून बसल्या. मी म्हणाले, "आई, हा झालाय. राहू द्या." तोवर त्यांनी कडं उलटं केलं होतं. मागचा एक दाणा नखाने काढला आणि तोंडात टाकला.

तो विरघळला नाही. त्यांनी तो एका गालातून दुसऱ्या गालात नेला, दाताखाली धरला, मग तळहातावर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. पॉलिशचा वास त्यांना आला असणार. पदराने दाणा पुसून त्यांनी टेबलावर ठेवला.

"बाळ केवढं आहे?" त्यांनी विचारलं.

"अकरा महिन्यांचं."

"दात आले असतील मग."

एवढंच. त्या उठल्या, कपाटातून हलव्याचा सेट आणला, डब्यातलं सगळं काढून तो कापसात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. मला लाज वाटली, हे स्पष्टच लिहिते. कारखान्यात मी चुकीचा माल पाठवला म्हणून बोलणी खाल्ली होती, पण चुकीचं आहे हे माहीत असून खोका बंद करायला कधी बसले नव्हते. त्या ओरडल्या असत्या तर मी काहीतरी कारण सांगितलं असतं. त्यांनी ती सोय ठेवली नाही.

कुरिअर गेल्यावर मी त्या बाईंना खरं काय ते लिहिलं: फोटोतला सेट साबुदाण्याचा आहे, गोंद आणि पॉलिश लावलेला, तो मी पाठवू शकत नाही, हलव्याचा पाठवला आहे, नको असेल तर परत करा. उत्तर आलं नाही. डबा पोचल्यावर त्यांनी माझ्या फोटोखाली लिहिलं, "फोटोत एक, हातात एक." मी ते पुसलं नाही.

संक्रांतीनंतर तीन दिवसांनी त्यांचा एक फोटो आला. त्यात दागिने असे नव्हतेच. पुठ्ठा चावलेला, नुसते दोरे लोंबतायत, आणि काळ्या झबल्यातलं एक बाळ बासरी तोंडात धरून चोखतंय, हनुवटीवर लाळ आणि साखर. खाली दोनच शब्द होते: "सगळं खाल्लं." मी तो फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि फोन परत दिला.

बंगळुरूच्या बाईंना विचारून तो फोटो मी फळ्यावर टाचला. कुणी साठवला नाही. त्यावर बोट दाबून धरलं तर अ‍ॅप दुसरी बाळं दाखवतं.

साबुदाण्याचा फोटो मी माझ्या फळ्यावरून काढला, पण इतरांच्या फळ्यांवर तो आहेच. दर भाद्रपदात कुणीतरी त्याच्यामागून माझ्या दुकानात येतं आणि मी प्रत्येकीला तेच लिहिते: तो साबुदाणा आहे, हा हलवा आहे, काटेरी असतो. निम्म्या जणी परत जातात. उरतात त्यांच्यावर दुकान रडतखडत चालतं. आठवड्यातले तीन दिवस मी पुन्हा मंडीदीपला जाते. नवरा त्यावर कोणत्याच भाषेत काही बोलला नाही.

सासूबाई अजून परातीशी बसतात. पण त्या दुपारनंतर त्यांनी स्वतः दाणा चाखलेला नाही. सेट तयार झाला की तो उलटा करून, मागची बाजू वर ठेवून, त्या माझ्यापुढे सरकवतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मी एक दाणा तोडते, जिभेवर ठेवते. तो पूर्ण विरघळू देते. मग "जाऊ दे" हे मला म्हणावं लागतं.