धुऱ्यावरची झोळी

आधीच सांगून टाकते, नवस माझा नव्हता. नवस होता आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझी कूस उजवत नव्हती, तेव्हा त्यांनी जामसांवलीच्या मारुतीला कबूल केलं होतं, की नातवंड दे, तुझ्या पायाशी येऊन रोडगे करीन. माझं मात्र देवाशी वाकडं होतं. आठ वर्षं उपास केले, दोरे बांधले, कोणी सांगितलं त्या झाडाला फेऱ्या घातल्या, अन् शेवटी चिमी झाली ती, माझ्या मते, नागपूरच्या डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी. "मारुती स्वतः ब्रह्मचारी, त्याले लेकराबाळातलं काय समजते?" असं मी एकदा रागाच्या भरात बोलून गेले. आत्याबाईंनी दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही.

पण रोडगे करायला जायचं ठरलं अन् सगळ्यांत जास्त मीच नाचायला लागले. देवासाठी नाही हो, बाहेर जायला मिळते म्हणून! मोहगावच्या त्या घरात आठ वर्षं मी कोणाच्या बारशाला गेले नाही, कोणाच्या हळदीकुंकवाला गेले नाही. आता माझ्या कडेवर सात महिन्यांची गुटगुटीत पोरगी होती, पौषातली गोड थंडी होती, संत्री उतरून झाली होती अन् ह्यांना चार दिवसांची सवड होती. आमची एक बैलबंडी, शेजारच्या कमलची एक बंडी. कमल माझी मैत्रीण, तिचा नवरा गळ्यात ट्रान्झिस्टर अडकवूनच फिरायचा. आमच्या बंडीत आत्याबाई, माझी नणंद शोभा, मी अन् चिमी, वर गोवऱ्यांचं पोतं, वांगी, कणीक, तेलाची बरणी. उजाडायच्या आत निघालो. बैलांच्या घुंगरांचा आवाज, शोभाची बडबड, कमलचं मागून ओरडणं, "अवं, जरा हळू हाका नं, माह्या नवऱ्याचं स्टेशन लागून नाही राहिलं!" मला इतकं हसू येत होतं की आत्याबाई म्हणाल्या, "देवाले चालली का जत्रेले?"

रोडगे ही आमच्याकडची खरी चैन. जाडसर कणकेचे गोळे, पोटात तेल लावून घड्या घातलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरून भाजायचे. त्या निखाऱ्यांना जगरा म्हणतात. वरून राखेनं माखलेले, आतून लुसलुशीत, अन् सोबत वांग्याची झणझणीत भाजी. रानात केले तरच त्यांना चव. नवसाच्या रोडग्यांचा आत्याबाईंचा नेम कडक होता. आधी देवाचा निवद, मग घरची माणसं. परक्याचा हात लागता कामा नये, आणि केलेलं तिथंच संपवायचं, एक तुकडाही त्या जागेबाहेर न्यायचा नाही.

देवळाजवळ पोचलो तर बापा रे, शनिवारची ही गर्दी! ठिकठिकाणी चुली, धूर, पोरांचा गोंधळ. ह्यांचं म्हणणं, इथंच कुठंतरी जागा करू. माझा स्वभाव असा की मी सांगेन तीच पूर्व दिशा. थोडं पुढं नदीच्या काठाला अर्जुनाचं एक मोठ्ठं झाड दिसत होतं, खाली गार सावली, माणूस नाही. मी म्हटलं, तिथंच. "एवढी छान सावली सोडून लोक काहून नसतील बसले?" असं कमल म्हणालीसुद्धा. मी तिला उडवून लावलं. आधी रोडगे लावू, ते भाजेपर्यंत आंघोळी, मग निवद घेऊन सगळे देवळात, असा हुकूम मीच सोडला. कोणी वर पाहिलं नाही. मी तर मुळीच नाही.

झाडाला लागूनच कोणाचं तरी कपाशीचं शेत होतं. चिमीला धूर लागू नये म्हणून मी माझ्या जुन्या लुगड्याची झोळी वीसेक पावलांवर, शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाला बांधली. गाठ तीनदा ओढून पाहिली. शेतात एकच बाई कापूस वेचत होती, बाकीच्या पुढं निघून गेल्या असाव्यात. कमरेला कापसानं फुगलेली फडक्याची ओटी, डोक्यावर पदर, वय असेल चाळिशीचं. ती वेचत वेचत झोळीपाशी आली, आत डोकावली अन् हसून म्हणाली, "पोरगी होय का वं? मस्त झोपून राहिली." मला ते आवडलं नाही. आठ वर्षांनी झालेलं लेकरू, नजर लागायला काय वेळ! "दुरूनच पाहा बाई," असं मी चांगलंच फणकाऱ्यानं म्हटलं. ती आपल्या ओळीत परत गेली. शोभाला झोळीपाशी बसवून मी रोडग्यांकडे आले.

जगरा काय सुंदर धरला होता! भाजी रटरटत होती, रोडगे राखेत पुरून झाले होते. मी शोभाला हाक मारली, "जरा राख सारखी करून दे वं, माझे हात भरले आहेत." ती उठून आली. तेवढ्यात वारा पडला अन् गोवऱ्यांचा सगळा धूर सरळ वर झाडात शिरला. पहिल्यांदा नुसती घरघर ऐकू आली. मला वाटलं, ट्रान्झिस्टर बिघडला. मग कमलचा नवरा जो ओरडला, "आग्या मोहोळ! पळा, पळा, पाण्यात पळा!"

वर पाहिलं तर फांदीला सुपाएवढं काळं पोळं, अन् ते पोळं सुटून खाली येत होतं. नंतर काय झालं ते सगळं एका दमात झालं. बैल दावी तोडून उधळले. ह्यांनी आत्याबाईंना पोत्यासारखं उचललं अन् नदीकडे धावले. माझ्या मानेवर, कानावर निखारे ठेवल्यासारखे डंख बसत होते. मी पदर डोक्यावर ओढून धूम पळाले अन् गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन बसले. वर माश्यांचा नुसता घोंगाट. एकेक जण डोकं वर काढत होता. मी मोजलं, माझी ती सवयच. हे, आत्याबाई, कमल, तिचा नवरा, शोभा. शोभाचे दोन्ही हात रिकामे होते.

"चिमी कुठी आहे?"

शोभा म्हणाली, "वहिनी, मले वाटलं तुम्ही घेतली."

मला वाटलं होतं तिनं घेतली. ह्यांना वाटलं होतं मी घेतली. इतक्या माणसांत कोणाच्या तरी हातात लेकरू असणारच, असं प्रत्येकाला वाटलं, अन् माझी पोरगी त्या झाडाशेजारी एकटी टांगलेली होती.

मी किंचाळले की नाही, आठवत नाही. ह्यांनी मला धरलं, "थांब, मी जातो," म्हणत होते. मी त्यांच्या मनगटाला चावले अन् सुटले. काठ चढताना पाय घसरत होते, ओलं लुगडं पायांत येत होतं. आयुष्यात कधी केली नाही अशी प्रार्थना त्या वीस-पंचवीस पावलांत माझ्या तोंडून निघाली. मागणं नव्हतं ते, नवससुद्धा नव्हता. मी एवढंच म्हणत होते, "मारुतीराया, माझ्या हातून सुटली रे, आता तूच धर. मी काही नाही, माझं काही चालत नाही, तूच धर." सगळ्यांवर हुकूम सोडणारी मी, माझ्यापाशी दुसरं काही उरलंच नव्हतं.

धुऱ्यावर पोचले. झोळी रिकामी होती.

तिथंच मटकन बसले. माश्या अंगावर घोंगावत होत्या, डसत होत्या, मला त्यांचं काही नव्हतं. तेवढ्यात कपाशीतून दबका आवाज आला, "अवं बाई, इकडे ये. वाकून ये. हात नको हालवू, बिलकूल नको हालवू."

दोन ओळींमध्ये ती कापूस वेचणारी बाई गुडघ्यांवर ओणवी होऊन बसली होती, गाय वासरावर उभी राहते तशी. ओटी सोडून तिनं सगळा कापूस जमिनीवर पसरला होता, त्यात माझी चिमी. चारी बाजूंनी कापूस, वरून तिची छाती अन् तिचा पदर. स्वतःचं डोकं, पाठ, दंड, सगळं उघडं. तिच्या केसांत माश्या रुतून बसल्या होत्या अन् ती हलत नव्हती. मी रांगत तिच्याजवळ गेले, माझं ओलं लुगडं तिच्या डोक्यावर ओढलं अन् आम्ही दोघी एकमेकींना चिकटून त्या लेकरावर बसून राहिलो. किती वेळ, कोण जाणे. ती हळूच बोलत होती, "जातील आता, जातील. पोट्टी तं झोपलीच आहे, पाह्य." अन् खरंच, चिमी झोपली होती! ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती.

घोंगाट कमी झाला तेव्हा ह्यांनी ओली चादर घेऊन धाव घेतली. चिमीला उचलून मी छातीशी धरलं अन् मगच त्या बाईच्या तोंडाकडे पाहिलं. अगंबाई! चेहरा ओळखू येत नव्हता. दोन्ही डोळे मिटून गेलेले, ओठ सुजलेले, श्वास घ्यायला त्रास होत होता. कमलनं नखानं काटे काढायला सुरुवात केली अन् मध्येच थांबली, "हे आपलं काम नोहे. डॉक्टर पाहिजे. जल्दी."

बैल कुठं गेले होते देव जाणे. हे रस्त्याकडे पळाले अन् संत्र्याच्या एका ट्रकला आडवेच झाले. ड्रायव्हर भला माणूस, एक शब्द विचारला नाही. कमल अन् तिचा नवरा बैल शोधायला थांबले, आम्ही त्या बाईला धरून धरून वर चढवलं. तेवढ्यात पाहते तर आत्याबाई नाहीत! मी वळून पाहिलं. तर त्या मोहोळाच्याच झाडाखालून लगबगीनं येत होत्या, पदरात काहीतरी गुंडाळलेलं. जगऱ्यातले रोडगे काढून आणले होते. माश्या अजून फिरत होत्या, एक त्यांच्या हनुवटीला डसलीही होती. मी म्हटलं, "आत्याबाई, हे इथून न्यायचे नसतात नं? अन् निवद? दर्शन?" त्या ओरडल्या, "तू गुपचूप बस!" अन् ट्रक सुटला. संत्र्यांच्या ढिगावर बसून आम्ही सौंसरकडे निघालो, वाऱ्यावर चादरी फडफडत होत्या, अन् मारुतीचा कळस मागं पडत गेला.

सौंसरच्या डॉक्टरांनी तिला दोन इंजेक्शनं दिली. तासाभरात श्वास जागेवर आला. मग त्यांनी हसून सांगितलं, भीती नाही, सूज दोन-चार दिवसांत उतरेल, आता काही खायला द्या. तेव्हा कुठं मी नाव विचारलं. शेवंता. तिथल्याच एका गावची, मजुरीवर वेचायला आली होती. मी तिला म्हटलं, "मावशी, मी तुमाले केवढं फणकाऱ्यानं बोलली. तुम्ही पळाल्या काहून नाही?"

"पळालीच होती नं," ती म्हणाली. "चार पावलं गेली, तं झोळी हालताना दिसली." मग डोळे मिटलेलेच, हात पुढं करून म्हणाली, "पोट्टीले दे बरं इकडे."

मी चिमीला तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं सुजलेल्या बोटांनी चिमीचं कपाळ चाचपलं, गाल, कान, मान, पोट, पायांचे तळवे, एकेक बोट. सगळं चाचपून झाल्यावर म्हणाली, "एकबी नाही नं लागला?"

"नाही मावशी. एकबी नाही."

दवाखान्याच्या ओसरीवर आत्याबाईंनी पदर सोडला. रोडग्यावरची राख फुंकली, फोडला. आतून वाफ नव्हती आता, पण खमंग वास सुटला. शेवंतामावशींना दिसत नव्हतं, हातही उचलत नव्हता. माझ्या सासूबाईंनी, ज्या शेतातल्या बायांना वरून ओंजळीत पाणी ओतायच्या, त्यांनी पहिला घास आपल्या हातानं तिच्या तोंडाशी नेला. ती मागं सरली. "बाई, हा तुमच्या देवाचा होय. आम्ही बौद्ध आहो. मी मारुतीले नाही मानत."

"नको मानू," आत्याबाई म्हणाल्या, अन् त्यांचा आवाज फुटला. "तू खा माय."

शेवंतामावशींनी घास घेतला, चावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "भाजी नाही आणली का?" अन् आम्ही सगळे रडता रडता इतके हसलो की कंपाउंडर बाहेर पाहायला आला.

मी कोणाला पटवायला जात नाही. वारा पडला, धूर वर गेला, एक बाई मागं राहिली होती, एवढंच झालं, असं कोणी म्हटलं तर मी भांडणार नाही. मी इतकंच जाणते की त्या काठावर मी जन्मात पहिल्यांदा मूठ उघडली, अन् त्याआधीच माझ्या लेकराला कोणीतरी कुशीत घेतलेलं होतं. त्यानं कोणाच्या हातांनी घ्यावं हे ठरवणारी मी कोण? तेव्हापासून मी देवाशी हिशेबाचं बोलत नाही. सकाळी हात जोडते, आभार मानते अन् कामाला लागते.

शेवंतामावशींना त्यांच्या घरी पोचवून, कमलनं बैल शोधून आणलेल्या बंड्यांतून संध्याकाळी मोहगावला पोचलो, तर गल्लीतल्या बाया वाट पाहतच होत्या. आमची सुजलेली तोंडं पाहून आधी हाय हाय झाली. मग एकीनं विचारलं, "मंग, मारुतीचं दर्शन तं राहूनच गेलं असन?"

आत्याबाई बाजेवर टेकल्या. म्हणाल्या, "राहते कसं? या हातानं जेवू घातलं मी त्याले."