तीन नंबरचा बोर्ड

हे मी आजवर कुणापुढंच बोललेले नाही. नवऱ्यापुढं नाही, बहिणीपुढं नाही. जिला माझ्या गुडघ्यापासून सासूबाईंच्या टोमण्यांपर्यंत सगळं ठाऊक आहे, त्या मैत्रिणीपुढंही नाही. तुमच्यापुढं बोलते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. बोलून मन हलकं होईल असं मला वाटत नाही. पण गिळून गिळून किती गिळायचं?

आधी सोपं तेवढं कबूल करते — मी संशयी बाई आहे. भाजीवाल्यानं माझ्यासमोर निवडून दिलेली वांगी मी घरी येऊन पुन्हा उलटून बघते. शाळेत कॉम्प्युटर शिकवते. परीक्षेत कोण कुणाच्या स्क्रीनकडं बघतंय हे मला फळ्याकडं तोंड असतानाही कळतं. नवरा म्हणतो, तू चुकून मास्तरीण झालीस, तुझी जागा पोलीस ठाण्यात. मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला सांगू, अजूनही कधीकधी वाटतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापुरात बुद्धिबळाच्या स्पर्धा भरतात. काही वर्षांपूर्वी आयोजकांनी डिजिटल बोर्ड आणले. दिसायला साधा लाकडी पट, पण मोहरा उचलून दुसऱ्या घरात ठेवला की ती खेळी वायरीतून लॅपटॉपवर जाते, आणि लॅपटॉपवरून इंटरनेटवर. घरबसल्या कुणीही डाव बघावा. पहिल्या पाच टेबलांना हे बोर्ड, आणि लॅपटॉपपाशी मी. पंच मला म्हणायचे, मॅडम, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, तुम्हीच बसा.

हॉल म्हणजे विजापूर रोडवरचं एक मंगल कार्यालय. आदल्या लग्नाच्या झेंडूच्या माळा स्टेजवर तशाच वाळलेल्या, चार कूलर घरघरत असायचे. बाहेर व्हरांड्यात मोठा स्क्रीन लावला होता, त्यावर पाचही डाव दिसायचे. एरवी प्रक्षेपण मुद्दाम पंधरा मिनिटं मागं ठेवतात, म्हणजे बाहेरून कुणी आत खुणा करू नये. त्या वर्षी पाहुण्यांना कंटाळा येतो म्हणून थेट सुरू ठेवलं. त्यामुळं झालं काय, व्हरांड्यातला प्रत्येक माणूस प्रत्येक माणसावर डोळा ठेवून. कुणी कान खाजवला तरी खूण, कुणी पाणी प्यायला उठला तरी खूण.

तीन नंबरच्या बोर्डावर अंबिका खेळत होती. अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची, पंधरा वर्षांची, घट्ट दोन वेण्या. तिचे वडील बसण्णा, तिथल्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. दोघं रोज पहाटेच्या एसटीनं यायची आणि आपसात कानडीत बोलायची. पोरगी शहरातल्या क्लासवाल्या मुलांना एकामागून एक हरवत निघाली होती. पहिल्या दोघांना जिल्ह्याकडून राज्य स्पर्धेला जायचं होतं, ती दुसरी होती, आणि दोनच फेऱ्या राहिल्या होत्या.

बसण्णा दिवसभर हॉलच्या काचेपाशी उभे. मधूनच हात तोंडाकडं न्यायचे, बोटं हलवायचे. चहाच्या वेळी मीच बोलले — कुणी विचारलंही नव्हतं — की तीन नंबरच्या पोरीचा बाप सारखा काचेपाशी असतो, काहीतरी हातवारे करतो. कप खाली ठेवायच्या आत ते चार जणांच्या तोंडी झालं.

थांबा. हे अजून ते नाही. ते सांगायला मला थोडं मागून यावं लागतंय.

हॉलमध्ये मोबाइल न्यायचा नाही, हा पहिला नियम. खेळाडूंनी नाही, पंचांनी नाही, मीही नाही. माझा पर्समध्ये होता. का होता? एखादं मोठं कारण असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. गॅस सिलिंडरवाला फोन करणार होता. बास, एवढंच.

दुपारी मोबाइलची बॅटरी संपत आली. टेबलाखालच्या एक्स्टेंशनमध्ये जागा नव्हती, म्हणून मी एक पिन काढली आणि माझा चार्जर लावला. वाटलं, स्पीकरची पिन असेल. ती तीन नंबरच्या बोर्डाची होती.

अंबिकाच्या समोर शहरातला एक कॉलेजचा मुलगा होता. दोघांच्याही घड्याळात शेवटची मिनिटं उरलेली, हात नुसते भराभर पडत होते. एवढी घाई असली की खेळ्या लिहायची सक्ती नसते, नंतर आठवून कागदावर भरायच्या. माझं लक्ष गेलं तेव्हा लॅपटॉपवर तीन नंबर गोठलेला. पिन परत लावली. पटावरची आताची मांडणी लगेच दिसली, पण मधल्या सात खेळ्या गायब.

अशा वेळी जागा मोकळी सोडायची आणि डाव संपल्यावर दोघांना विचारून भरायची, ही रीत. मला पाठ होती. पण काचेपलीकडून आयोजक डोळे वटारून बघत होते, बाहेर स्क्रीनपाशी कुजबुज चाललेली. मी काय केलं? लॅपटॉपमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्राम होता, त्याला विचारलं — गोठलेल्या मांडणीवरून आताच्या मांडणीवर कसं येता येईल? त्यानं झटक्यात दाखवलं. तो काय दाखवणार? त्याला सुचेल ते सगळ्यात उत्तम. मी ते जसंच्या तसं भरलं. बाहेर सांगितलं, नेट गेलं होतं.

अंबिका जिंकली.

दहा मिनिटांत त्या मुलाचा कोच व्हरांड्यात पंचांकडं आला, फोन पुढं धरून. घड्याळात मिनिटभर उरलेलं असताना या मुलीनं सात खेळ्या हुबेहूब कॉम्प्युटरच्या केल्यात. एकही इकडची तिकडं नाही. कोण खेळतं असं? आणि तिचा बाप काचेतून काय सांगत होता?

माझ्या हातात चहाचा कप होता. मला त्याच क्षणी कळलं, त्या खेळ्या कुणाच्या ते. त्याच क्षणी — नंतर नाही, घरी गेल्यावर नाही. हे तुम्ही नीट ऐका, कारण मी कित्येक दिवस स्वतःला सांगत आले की मला तेव्हा कळलं नव्हतं.

पंचांनी अंबिकाला बोलावलं. पोरगी आधी गोंधळली, मग स्क्रीनकडं बघून म्हणाली, "हे मी खेळलेच नाही. मी आधी हत्ती हलवला. चुकला होता माझा तो. त्यानं बघितलंच नाही, म्हणून वाचले." डाव संपल्यावर तिनं आठवून भरलेला कागदही तसाच होता — आधी हत्ती. आरोप असा की ती फार चांगली खेळली, आणि बिचारी सांगत होती की मी चुकले हो, खरंच चुकले. समोरच्या मुलाला विचारलं, तो खांदे उडवून म्हणाला, आठवत नाही. पंच म्हणाले, कागद तर नंतर लिहिलाय, कुणीही काहीही लिहील. मग ते माझ्याकडं वळले. मॅडम, मशीनचं काय?

मी म्हणाले, मशीनमध्ये आहे ते बरोबर आहे.

मग झडती घ्यायचं ठरलं. आयोजकांमध्ये बाई मी एकटीच. नवरीची खोली असते ना कार्यालयात, तिथं मी तिला घेऊन गेले. भिंतभर आरसा, आरशावर कुणीतरी चिकटवलेल्या जुन्या टिकल्या. मी तिचे खिसे उलटे केले, ओढणी झटकली. कानात यंत्र असतं म्हणतात, म्हणून तिला वेण्या सोडायला सांगितल्या. तिनं मुकाट्यानं सोडल्या. मी केसांतून बोटं फिरवली, कान पुढून बघितले, मागून बघितले. आणि माझा मोबाइल त्या वेळी टेबलाखाली चार्ज होत होता! मोबाइल शोधायला कोण निघालं होतं, तर मी. शरम नावाची चीज मला त्या दिवशी सापडली नाही.

सापडली फक्त एक चिठ्ठी, कानडीतली. मी ती दोन बोटांत धरून बाहेर आणली — साप धरावा तशी. स्वयंपाकघरातल्या आचाऱ्याला कानडी वाचता येत होतं, त्याला बोलावलं. त्यानं वाचलं: पाणी पी. घाई करू नको. डबा खा. बास. काचेतले ते हातवारे तेच होते, जेवलीस का, पाणी प्यायलीस का. आता तरी मी बोलायला हवं होतं, नाही का? आचाऱ्यासमोर, पंचांसमोर, तिथल्या तिथं?

बसण्णा माझ्याकडंच आले. पंचांकडं नाही, कोचकडं नाही. त्यांना वाटलं असावं, बाई आहे, शिक्षिका आहे. हात जोडून म्हणाले, "बाई, आमची पोरगी तसली न्हाय हो. तुमी परत एकदा बघा की मशिनमधी. तुमाला कळतंय त्यातलं. आमाला काय कळतंय?"

मी लॅपटॉपकडं वळले. दोन-चार बटणं दाबली, काहीतरी बघितल्यासारखं केलं. आणि म्हणाले, "काका, मशीन खोटं बोलत नाही."

हे ते. हेच सांगायचं होतं.

ते "बरं" म्हणाले. मला थँक्यूही म्हणाले. पुरावा नव्हता म्हणून पंचांनी निकाल कायम ठेवला, पण अहवालात लिहिलं, 'खेळ्या संशयास्पद'. खाली 'डिजिटल नोंद अचूक आहे' या ओळीवर माझी सही. सही करताना हात थरथरला असं सांगायला मला आवडलं असतं. नाही थरथरला.

दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी. तीन नंबरच्या टेबलावर अंबिकाची खुर्ची मोकळी. पंचांनी नियमाप्रमाणे तिचं घड्याळ सुरू केलं. व्हरांड्यातल्या स्क्रीनवर बाकीचे डाव सरकत होते आणि तीन नंबरवर बत्तीस मोहरे जिथल्या तिथं. मी मान वर केली नाही. कोच मागून येऊन म्हणाला, बघा मॅडम, खरी असती तर आली असती. मी मान डोलावली.

राज्य स्पर्धेला दुसरंच कुणीतरी गेलं. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मी नोंदणीच्या यादीत तिचं नाव शोधत राहिले. अक्कलकोटकडच्या एका शिक्षकाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, खेळणं सोडलं तिनं, बाप म्हणतो, जिथं केस सोडून बघतात तिथं पोरगी पाठवायची न्हाय.

मी अजून स्पर्धांना बसते. आता कुणी माझ्याकडं जरा रोखून बघितलं की मला वाटतं, याला माहीत आहे. पंच लॅपटॉपवर वाकले तरी मी उठून त्यांच्या मागं उभी राहते. पिना तीन-तीनदा तपासते. लोक म्हणतात, मॅडमसारखं चोख काम कुणाचं नाही.

तो डाव इंटरनेटवर अजून आहे. अंबिकाचं नाव टाकलं की पहिला तोच निघतो, खाली लोकांनी काय काय लिहून ठेवलंय. पासवर्ड माझ्याकडं आहे. दुरुस्त करायला दोन मिनिटं पुरतील, पण मग विचारतील, खरं कशावरून? तर तिचा तो कागद माझ्याकडं आहे. त्या संध्याकाळी टेबलावरचे सगळे कागद गोळा करायचं काम माझंच होतं. बाकीचे फाइलला लावले, तो पर्समध्ये घातला. मागच्या रविवारी पुन्हा लॅपटॉप उघडला, डावापर्यंत गेले, सात खेळ्या बघितल्या आणि बंद केला.

कागदावर निळ्या शाईत तिचं अक्षर आहे. आधी हत्ती, चुकलेला. तो कागद माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.