टेंबलाईचं नवं पाणी

आमच्या नाटक कंपनीत पडदा ओढायचा तो जोतीराम. टाळ्या आम्ही नट घ्यायचो; पण माझं एखादं स्वगत आपटलं, तर वेळेवर पडदा टाकून माझी अब्रू राखायचा तो हाच. कंपनी बुडाली, मी घरी बसलो आणि जोतीराम नाल्यावरच्या पंपघरात ठेकेदाराकडं लागला. शहराचं सांडपाणी तिथं बांध घालून अडवतात आणि पंपानं उचलून शुद्धीकरण केंद्राकडं ढकलतात. पंप थांबला, की ते बांधावरून सरळ पंचगंगेत, तेही घाटाच्या वरच्या अंगाला.

आषाढात नदीला आलेलं नवं पाणी आम्ही कोल्हापूरकर वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेतो, देवीच्या पायऱ्यांवर ओततो. जोतीरामची थोरली बहीण आक्का आयुष्यभर गल्लीच्या कलशांपुढं चालत आली. यंदा गुडघे पार गेले होते. ही आपली शेवटची यात्रा, असं ती म्हणाली, तेव्हा जोतीरामनं माझ्यादेखत शब्द दिला, "आक्के, त्या सकाळी नाल्याचा थेंब नदीत जाऊ द्यायचा न्हाय. तुझ्या कलशात नुसतं पावसाचं पाणी."

दोन पंपांपैकी एक कधीचा दुरुस्तीला पडलेला. सारी भिस्त दुसऱ्यावर.

यात्रेच्या सकाळी मी पंपघरात गेलो, तर घरघर बंद. जोतीराम आणि त्याचा जोडीदार बादशहा पंप वर ओढून पात्याला बसलेला पीळ कापत होते. हिरवे, लाल, जरीकाठी खण. एकेकाळी आमच्या रंगपटात अशा रंगांच्या राशी असत.

"ओटीचं हाय, मास्तर," बादशहा म्हणाला. "नदीपतोर जायचा कटाळा. पुलावरनंच नाल्यात सोडत्यात. जाळी फाटकी, सगळं आत."

त्याच्यामागं काळं पाणी बांधावरून निवांत उतरत होतं.

जोतीराम हातातली सुरी टाकून घाटाकडं धावला. मागं धापा टाकत मी. सनई-ढोलाचं पी-ढबाक दणाणत होतं. आक्का पाण्याशी वाकलेली.

"आक्के, भरू नगं! पंप बसलाय. चल, तालमीच्या हिरीवर जाऊ."

"हिरीचं पाणी नवं असतंय व्हय रं?"

"अगं, लोकांनी नाल्यात वट्या सोडल्या, त्यानंच बसलाय त्यो!"

"मग? मीबी काल तिथंच सोडली की. दोनदा घाट उतरायला गुडघं हायत कुठं? जातंय की ते नदीतच."

रंगभूमीवर मी कैक मरणं मेलोय. पण जोतीरामचा झाला तसा चेहरा मला एकदाही साधला नाही.

"ए जोत्या, सर की बाजूला!" वाजंत्र्यांतला एकजण ओरडला. "देवी काय तुझ्या पंपासाठी थांबायची?"

लोक हसले. आक्कानं कलश बुडवला. नवं पाणी तांबडं असतं. त्यात काय मिसळलंय, ते डोळ्यांना कळत नाही.

टेकडीवर तिनं ते पायऱ्यांवर ओतलं, ओल्या दगडावर कपाळ टेकलं. तळाशी उरलेलं तीर्थ म्हणून जोतीरामपुढं धरलं. "घे. तू शबूद दिलातास, तवा तुला पयलं."

तो कलशाकडं बघत राहिला. मग त्यानं सगळंच ओंजळीत ओतून घेतलं आणि पिऊन टाकलं.

"हावरट!" आक्का हसली. "बाकीच्यांना ठेवशील का न्हाय?"

परतताना आम्हा तिघांची रिक्षा नाल्याच्या पुलावर अडली. पुढं एक नवं जोडपं कठड्यावरून ओटी सोडत होतं. एरवी अशांना जोतीराम पंपघरातून हाक घालायचा, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशी. मी त्याच्याकडं पाहिलं.

"घे पुढं," तो रिक्षावाल्याला म्हणाला.

आक्कानं मात्र नाल्याकडं बघून हात जोडले.